निसर्गाच्या कवितेत आमचा हापसा का नाही?

जून लागला की आमच्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात घरणी नदीला पाणी येवो न येवो, निसर्गकवितांना मात्र पूर येतो. 5 जूनचा पर्यावरण दिन, धरतीचा हिरवा शालू, पावसाची पैंजणे आणि शेवटच्या ओळीत झाडे लावण्याचा उपदेश. मग टाळ्या, शाल, श्रीफळ.

अशाच एका स्पर्धेत आमच्या वस्तीतल्या एका मुलीने हापशावर कविता लिहिली. पहाटे चारला नंबरात घागर ठेवणारी आई, शेजारच्या शिवारातली भरलेली विहीर आणि विहीरमालकाची नजर, एवढेच त्यात होते. परीक्षक म्हणाले, "चांगली आहे, पण ही तक्रार झाली. विषय निसर्ग आहे." त्यानंतर तिने वही उघडली नाही. हा लेख तिच्यासाठी आहे आणि त्या परीक्षकांसाठीही.

आम्ही विचारतो, हापशाचे पाणी निसर्गात येत नाही काय?

2016 चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये लातुरात पाणवठ्यांभोवती कलम 144 लावावे लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. पाऊस कमी पडला हे खरेच. पण त्याच मांजरेच्या खोऱ्यात वर्षानुवर्षे ऊस वाढत गेला, कारखाने उभे राहिले, हेही तितकेच खरे. ऊस वर्षभर रानात उभा असतो आणि तूर-हरभऱ्याच्या कितीतरी पट पाणी पितो. आभाळाला दोष देणारी कविता या उसाबद्दल गप्प बसते. कारण ज्याचा ऊस, बहुधा त्याचेच व्यासपीठ. टँकर गावात आला तरी पाइप आधी कोणाच्या हौदात सुटतो, हे वस्तीतल्या बायांना विचारा.

पाण्याची ही लढाई आपल्याला नवी नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या तळ्यावर गुरे-ढोरे पाणी पीत होती, बंदी फक्त आपल्या माणसांना होती. पुढे सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करायला त्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या. जलप्रदूषणाचा धडा शिकवणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

आता थोडे आपल्याच कार्यकर्त्यांना. "झाडाफुलांच्या कविता हे पोटभरल्यांचे काम, आपण फक्त विद्रोह लिहावा," असे आपल्यातले काही जण सांगतात. हेही चूक आहे. थेरगाथा उघडा. पावसाने भिजलेले डोंगर, मोर, रान यांत रमलेले भिक्खू तिथे बोलतात. त्याच ग्रंथात सुनीत थेरही आहेत. हीन मानलेल्या कुळात जन्मलेले, सुकलेली फुले झाडून टाकण्याचे काम करणारे सुनीत आपली गाथा स्वतः सांगतात. रान आणि जात तिथे एकाच ग्रंथात शेजारी बसली आहेत. मग आपण ती वेगळी का करावी?

वर्षावासाचा नियम कसा आला, तेही पाहा. भिक्खू पावसाळ्यात फिरतात तेव्हा हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी कुरकूर लोकांनी केली. ती तथागतांच्या कानी गेली आणि पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम झाला. म्हणजे निसर्ग जपणारा तो नियम लोकांच्या तक्रारीतूनच जन्मला. परीक्षक महोदय, ऐकताय ना?

मित्रांनो, निसर्ग त्यांच्या हवाली करू नका. करडईची फुले लिहा, बाभळीची सावली लिहा, काळ्या रानाला पडलेली भेग लिहा. ते रान खुरपणाऱ्या आयांची मुले आहोत आपण. ते आपल्याइतके कोणाला ठाऊक? फक्त कविता झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा : यातले पाणी कोण पितो आणि कोण वाट पाहतो? उत्तर कवितेत नसेल, तर ती अजून अर्धीच आहे. पुरी झाली की विहारात म्हणा, ग्रामसभेत वाचा, टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही मागायला जाल तेव्हाही वाचा.

येत्या रविवारी वस्तीच्या विहारात त्या मुलीची हापशाची कविता वाचली जाणार आहे. ती हो म्हणाली आहे. परीक्षकांनाही आम्ही निरोप धाडला आहे.

जय भीम!