कालच्या भावाचं सोनं

'कॅशिंग म्हणजे मेथडच्या डोक्यावर एक ओळ' म्हणणाऱ्यांची मी याआधी इथे हजेरी घेतली, तेव्हा 'काका, आता निवृत्त व्हा' असा सल्ला आला होता. सल्लागारांनी या आठवड्यात दिल्लीच्या करोल बागेत यायला हवं होतं.

बँक स्ट्रीटवरच्या एका सराफाच्या वेबसाइटवर दुपारी चार वाजता सोन्याचा सकाळचाच भाव. पान रीफ्रेश केलं की नवा, पुन्हा केलं की परत जुना. गिऱ्हाईक मोबाइल नाचवत 'यही रेट लगाओ' म्हणतंय आणि मालक कंप्यूटरला शिव्या घालतोय.

कंप्यूटर बिचारा सांगितलं तेच करत होता. आजचा भाव देणाऱ्या मेथडवर, एकदा आलेलं उत्तर साठवून ठेवायला सांगणारं '@कॅशेबल' चिकटवलेलं. पॅरामीटर नाही, म्हणजे किल्ली एकच. साठा कुठला ते कुणी नेमलंच नव्हतं, म्हणून स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कने आपला साधा मॅप दिला. त्याला मुदत नसते. भाव बदलला की साठा पुसणारं '@कॅशएव्हिक्ट' होतं, पण त्या मेथडला हाक त्याच क्लासमधून. स्प्रिंगचा प्रॉक्सी बाहेरून येणारे कॉलच अडवतो, त्यामुळे पुसणं कधी झालंच नाही. दोनपैकी एक सर्व्हर दुपारी रीस्टार्ट झाला, म्हणून निदान अर्ध्या गिऱ्हाइकांना तरी खरा भाव दिसला!

आता बीडनपुऱ्यातल्या गल्लीत या. इथला गलाईवाला विट्याकडचा. आमच्या सांगलीची ही माणसं सोनं गाळायला देशभर पांगली आहेत. मोड घेऊन गेलात की तो ती मुशीत वितळवतो, कस लावतो आणि आकडा चिठ्ठीवर लिहितो. तासाभराने परत गेलात तर पुन्हा कस लावत नाही, चिठ्ठी बघतो. तीच लगड पुन्हा मुशीत गेली की चिठ्ठी फाडतो. भाव मात्र चिठ्ठीवर कधीच लिहीत नाही. दर गिऱ्हाइकागणिक बाजारात फोन लावून विचारतो. २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं, त्या दुपारी तर फोन कानापासून सुटतच नव्हता. काय लक्षात ठेवायचं, काय विचारायचं आणि चिठ्ठी कधी फाडायची, हे त्याला कुठल्याही सेमिनारात शिकवलेलं नाही. सेमिनारवाल्यांना मात्र कस आणि भाव दोन्हींवर एकच ओळ डकवता येते, आणि त्यावर अप्रेझलही मिळतं.

झेरॉक्स पार्कमध्ये ग्रेगर किझालेस आणि मंडळींनी १९९७ साली अशी ओळ डकवण्यामागची अॅस्पेक्टची कल्पना मांडली, ती कोडभर विखुरलेल्या गोष्टी एका जागी आणायला. लॉगिंगला ती चपखल बसते. लॉगिंग काढून टाका, उत्तर तेच राहतं. कॅश काढलीत तर उत्तर बदलू शकतं. २०११ मध्ये स्प्रिंग ३.१ ने कॅशिंगची ही सोय हाताशी आणून दिली आणि तेव्हापासून धंद्याचा निर्णय सजावटीसारखा वर टांगला जातोय. किती जुना भाव चालेल, हे सराफाला विचारायचं की प्रोग्रॅमरने आपल्या मनाने ठरवायचं?

सराफाच्या वेबसाइटवाल्या कंपनीने दुरुस्ती केली म्हणे. पाच मिनिटांची मुदत घातली. पाचच का, हे सराफाला अजून कुणी विचारलेलं नाही, आणि घडणावळीच्या मेथडवर ती ओळ बिनमुदत तशीच आहे.