मिठू, मकाव आणि आपण

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा विषय इंग्लिश सेक्शनला द्यावासा वाटला नाही, कारण तो माझ्या घरचा आहे.

आमच्या विंगमध्ये सध्या कॉन्ट्री काढून 'सन कॉन्युअर' आणायचं चाललंय. पिवळाधमक, केशरी पोपट, दिसायला एकदम झकास! मी एकटीच 'नको' म्हणते, म्हणून सगळ्यांनी मला खडूस ठरवलंय. तर ही माझी बाजू.

आमचं घर गडचिरोली जिल्ह्यात, सूरजागडच्या बाजूला. २०२१ पासून खाणीचं काम वाढलं, ट्रक वाढले, काहींच्या हातात पैसा आला. माझ्या आतेभावाने त्यातून निळा-पिवळा मकाव आणला. मोटारसायकलच्या किमतीचा पक्षी! पहिला महिना अख्खं गाव बघायला यायचं. मग दादा दिवसदिवस ट्रकवर, आत्या रोवणीला बांधीत, आणि मकाव एकटा पिंजऱ्यात. इतका कर्कश ओरडायचा की शेजारी भांडायला यायचे. पुढे तो स्वतःच्याच छातीची पिसं उपटायला लागला. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मी गायी-शेळ्यांचा डॉक्टर, याचं मला फारसं कळत नाही."

खरं तर हा पक्षी अॅमेझॉनच्या जंगलात जोडीने, थव्याने राहणारा. नीट सांभाळला तर पन्नास वर्षंसुद्धा जगतो. कॉन्युअरही वीसेक वर्षं काढतो. आणि आपली डिग्री? चार वर्षांची, बॅकलॉग धरून सहा! दिवाळीच्या सुट्टीत त्याला कोण बघणार, वॉचमन काका?

कोणी म्हणतं, "नाही जमलं तर सोडून देऊ." कुठे सोडणार? पिंजऱ्यात जन्मलेल्याला इथलं ना झाड माहीत, ना शिकारी. आणि तगलाच तर इथल्या पक्ष्यांच्या ढोलीत घुसणार. आपलेच पोपट पिंजऱ्यातून सुटून लंडनमध्ये वस्ती करून बसलेत की!

कोणी म्हणतं, "हेमलकशाला आमटेही प्राणी सांभाळतातच ना?" सांभाळतात. पण ते दुकानातून आणलेले नाहीत. शिकारीत आई मेलेली पिल्लं त्यांच्याकडे आली, तिथून ते अनाथालय सुरू झालं. अनाथाला घर देणं वेगळं आणि हौसेसाठी विकत आणणं वेगळं.

राहिला कायदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपला साधा मिठू पाळणं गुन्हा आहे. अशा परदेशी पक्ष्यांची मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी केली की झालं. पण कागद पूर्ण झाले म्हणून पक्ष्याचं एकटेपण कमी होतं का? शिवाय सन कॉन्युअर हा गयाना आणि उत्तर ब्राझीलचा पक्षी. पिंजऱ्यांसाठी पकडून पकडून तिथल्या जंगलातच तो आता संकटात आलाय. आपली हौस इथे, झळ तिकडे!

दादाचा मकाव अजून आहे. छाती उघडीच. संध्याकाळी मोहाच्या झाडावर पोपटांचा थवा उतरला की तो ओरडायचा थांबतो आणि ऐकत बसतो. दादा आता म्हणतो, "आणायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर!" म्हणून मी सांगतेय.

तेव्हा विंगवाल्यांनो, त्या कॉन्ट्रीत एक बरी दुर्बीण येईल. मेसच्या मागच्या पिंपळावर रोज पाच वाजता पोपट येतात. पिंजरा नाही, साफसफाई नाही, आणि शो एकदम फुकट! बघा पटतंय का.