जाळ्यातील न मोजलेला बिंदू

'सोशल नेटवर्क ॲनालिसिस' हे नाव साहित्याच्या अभ्यासकाला रुक्ष वाटेल. पद्धत मात्र परकी नाही. फ्रँको मोरेत्ती या समीक्षकाने २०११ साली 'हॅम्लेट'मधील पात्रांचे जाळे रेखाटले. प्रत्येक पात्र हा एक बिंदू. दोघांत संवाद झाला, की त्यांना जोडणारी रेषा. त्या आकृतीत होरेशिओ उठून दिसला. नाटकात तो स्वतः फारसे काही करीत नाही. पण हॅम्लेटबरोबर त्यालाही वगळले, की जाळ्याचे तुकडे होतात.

मानसिक आरोग्यसेवांतील समन्वय याच रीतीने तपासता येतो. प्रत्येक संस्थेला विचारायचे: रुग्ण कोणाकडे पाठवता? तुमच्याकडे कोठून येतात? माहिती कोणाला कळवता? उत्तरांच्या रेषा काढल्या, की जाळे कोठे विरळ आहे ते कळते. चौदा तालुक्यांच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याला अशा नकाशाची गरज आहे. नगरचे जिल्हा रुग्णालय, लोणीचे वैद्यकीय महाविद्यालय, जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प, आणि जिल्ह्याबाहेर पुण्यातील येरवड्याचे मनोरुग्णालय: अकोल्यातील डोंगराळ गावच्या माणसाने यांतला कोणता दरवाजा ठोठवावा?

आमचा आक्षेप पद्धतीला नाही, बिंदूंच्या निवडीला आहे. ज्याच्याकडे नामफलक आणि शिक्का, तोच बिंदू, असे सहसा धरले जाते. पण दोन संस्थांमधील रेषा प्रत्यक्षात चालते कोण? पिशवीत जुने कागद घेऊन एस.टी.ने निघालेली रुग्णाची आई. प्रत्येक खिडकीपाशी तीच हकिकत ती पुन्हा पहिल्यापासून सांगते. एका संस्थेने चिठ्ठी दिली, की नकाशावर रेषा उमटते. माणूस दुसरीकडे पोहोचला की नाही, हे चिठ्ठीला ठाऊक नसते. म्हणून नकाशा रुग्णाच्या वाटेवरून काढावा. त्या वाटेवर देवऋषी भेटला, आशा सेविका भेटली, तर त्यांनाही बिंदू मानावे. जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्या अल्पशिक्षित, निरक्षर स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवले. ज्यांना कोणी मोजत नव्हते, त्यांच्यावरच ते जाळे उभे राहिले.

आणि जिला आईही नाही तिचे काय? नगरजवळच्या शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या 'माऊली'त रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रिया राहतात. त्यांच्या साऱ्या रेषा आधीच तुटलेल्या होत्या. भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी ताब्यात घेतले, तर चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेत पोहोचवावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. तेव्हा पोलीस ठाणेही नकाशावर हवे, आणि तिथून पुढची रेषा चालण्याचे काम संस्थांनीच अंगावर घ्यायला हवे.

मरणोन्मुख हॅम्लेट होरेशिओला विनवतो, की माझी कहाणी सांगण्यासाठी तू जग. जिची कहाणी सांगायला असा कोणीच उरलेला नाही, तिच्यापासून या नकाशाचा आरंभ व्हावा, असे आम्हांस वाटते.