गुरुजी, तुमची एसआयपी रेग्युलर की डायरेक्ट?

१ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत लागलेल्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, तलाठ्यांना जुनी पेन्शन नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये संप झाला, मोर्चे निघाले, आम्ही बातम्या केल्या. त्यातल्याच बऱ्याच जणांनी म्हातारपणाची सोय म्हणून एसआयपी धरलीय. कुठल्या फंडात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "बँकेतल्या साहेबांनी काढून दिली."

पेन्शनसाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसाने आपल्याच पैशातून दरवर्षी किती कापलं जातं हे बघू नये?

लार्ज कॅप फंडाला सेबीच्या नियमाने किमान ८० टक्के पैसा देशातल्या पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवावा लागतो. निफ्टीचा इंडेक्स फंड अशाच ५० बड्या कंपन्या डोळे झाकून घेतो. शेत जवळपास तेच, फरक राखणदाराच्या मजुरीत. इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट प्लॅनचा खर्च साधारण वर्षाला पाव टक्का, तर बँकेतून घेतलेल्या मॅनेजरवाल्या फंडाच्या रेग्युलर प्लॅनचा दीड-दोन टक्के, कारण त्यात विकणाऱ्याचं कमिशन असतं आणि ते दरवर्षी जातं.

दीड टक्का म्हणजे किती? महिना ५,००० रुपये, २० वर्षं. १२ टक्के परतावा धरला (धरला म्हणतोय, हमी कुणीच देत नाही) तर साधारण साडेएकोणपन्नास लाख होतात. साडेदहा टक्क्यांनी साडेचाळीस. नऊ लाख गेले राव!

मॅनेजर हुशार असतो, तो भरून काढेल, असं म्हणतात. एस अँड पीचा स्पिव्हा अहवाल बघा : दहा वर्षांच्या हिशेबात बहुतेक लार्ज कॅप फंड निर्देशांकाच्या मागेच राहिलेत. पुढे गेलेले असतात, पण ते कुठले हे आधी सांगणारा मला अजून भेटायचाय. मिड आणि स्मॉल कॅपमध्ये मॅनेजरला जास्त वाव आहे, हे मान्य. पीएफवाल्यांचा शेअर बाजारातला पैसासुद्धा २०१५ पासून निर्देशांकाच्या ईटीएफमधूनच जातो.

एजंट लोकांवर राग नाही. मार्च २०२० मध्ये निफ्टी बारा हजारांवरून साडेसात हजारांवर आला, तेव्हा ज्याने घाबरलेल्या गिऱ्हाईकाला पैसे काढू दिले नाहीत, त्याने आपलं कमिशन कमावलं. इंडेक्स फंडही तेवढाच पडला होता, हे विसरू नका. पण नुसती सही घेऊन पुन्हा तोंड न दाखवणाऱ्याला २० वर्षं कशाचे पैसे?

जुनं सगळं उद्याच मोडू नका, कर आणि एक्झिट लोड बघा. नवा हप्ता मात्र विचार करून लावा. स्टेटमेंट काढा, फंडाच्या नावापुढे 'रेग्युलर' आहे की 'डायरेक्ट' ते वाचा. समजलं नाही तर संध्याकाळी कार्यालयात घेऊन या. मी सल्लागार नाही, पण वाचून दाखवीन.