शब्द सापडतो, गाव नाही

बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, आणि तिथल्या हातपंपांची स्थिती मला महाराष्ट्रातल्या औरंगाबादच्या मुकुंदवाडीत बसून बऱ्यापैकी ठाऊक आहे. कारण काही वर्षांपूर्वी मी गूगल अलर्टमध्ये ‘औरंगाबाद पाणी’ असे दोन शब्द टाकून ठेवले होते. ही सोय 2003 पासून आहे. शब्द द्यायचा, त्यावर इंटरनेटवर नवीन काही आलं की मेल येते. मला वाटलं, आता पाण्यासाठी पेपर चाळायला नको.

चूक माझीच. यंत्राला शब्द कळतो, गाव कळत नाही. 2023 मध्ये आमच्या शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं तसा मीही शब्द बदलला, तर ‘संभाजीनगर’वर चिंचवडचं आणि कोल्हापूरचं संभाजीनगर हजर. नावाआधी ‘छत्रपती’ लावलं तर सगळ्या पक्षांचे मेळावे आणि वाढदिवस. शेवटी अवतरणचिन्हांत नुसतं ‘मुकुंदवाडी’ टाकलं आणि मेल जवळजवळ बंदच झाली. दोन आठवडे गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला: मराठीत गाव नुसतं येतं कुठे? बातमी ‘मुकुंदवाडीत’ घडते, आरोपी ‘मुकुंदवाडीतील’ असतो, नागरिक ‘मुकुंदवाडीच्या’ चौकात जमतात. शाळेत विभक्तीला कंटाळलेल्या माणसाला पन्नाशीत प्रत्ययांची यादी करून यंत्राला द्यावी लागली.

एवढं करून मिळतं काय? घरफोडी, अपघात, दुचाकी चोरी. 2025 च्या जूनमध्ये जालना रोडलगतची बांधकामं पाडली, तेव्हा जेसीबीचा आवाज आधी आला आणि मेल नंतर. जे गल्लीत कळतं, त्याला अलर्ट कशाला?

असं म्हणतो खरा, पण 2019 चा उन्हाळा-पावसाळा आठवला की जीभ चावतो. मराठवाड्यात दुष्काळ होता, जायकवाडी मृतसाठ्यात गेलं होतं. इंग्रजी स्पेलिंगचा माझा एक वेगळा अलर्ट होता, त्यावर एका परदेशी वृत्तसंस्थेची बातमी आली. मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या वस्तीतली शाळकरी पोरं रिकामे हंडे-कॅन घेऊन रेल्वेत चढतात, पुढच्या औरंगाबाद स्टेशनवर पाणी भरतात आणि परतीच्या गाडीने येतात. डब्यात गर्दी, गाडी थांबते जेमतेम, भरलेलं भांडं आधी खाली द्यायचं आणि मग आपण उतरायचं. फोटोतला तो फलाट माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्याच फलाटावरून मी त्या उन्हाळ्यात दोनदा जालन्याला गेलो होतो. पोरांच्या हातातले कॅन पाहिलेही असतील. रॉकेलचे असावेत असं समजून नजर पुढे गेली असेल. माझ्या गल्लीपलीकडची गोष्ट जगाला फिरून मेलमधून माझ्याकडे आली. त्या एका मेलसाठी बिहारचे सगळे हातपंप मी माफ केले.

माझ्या पाहण्यात अलर्टचा असाच उपयोग होतो: जे क्वचित लिहिलं जातं, त्याच्यासाठी. रोज उगाळल्या जाणाऱ्या विषयावर तो लावला की डोक्याला ताप. शेजारचे काका चिकलठाणा एमआयडीसीतून निवृत्त झालेत, ईपीएस 95 पेन्शन योजनेवाले. 2014 पासून किमान पेन्शन हजार रुपये, मागणी साडेसात हजारांची. मुलाने हौसेने त्यांच्या फोनवर अलर्ट लावून दिला. आता रोज ‘मोठी बातमी’, ‘खुशखबर’, ‘निर्णय कधीही’. परवा कट्ट्यावर म्हणाले, “सर, मोबाइलमध्ये माझी पेन्शन रोज वाढती. बँकेतली बाई मात्र तेवढेच देती.” मी त्यांना ‘लगेच’च्या जागी ‘आठवड्यातून एकदा’ करून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे: “मेल आली नाही, बिघडलं का काही?”

शहराच्या नव्या पाणीपुरवठा योजनेवरचा अलर्ट मी अजून काढलेला नाही. 1680 कोटींची योजना 2740 कोटींवर गेली ती मेलमधूनच कळली. पाईपचा व्यास, जॅकवेल, जलशुद्धीकरण, सगळं पाठ आहे. आमच्या नळाला पाणी कधी, एवढंच त्यात नसतं. ते लाइनमनला माहीत, आणि लाइनमनचा नंबर समोरच्या वहिनींकडे.

त्यामुळे पाण्याच्या दिवशी आमच्याकडे जुनीच पद्धत. रात्री नळाची तोटी उघडी ठेवायची आणि खाली स्टीलची रिकामी बादली उपडी घालायची. प्लास्टिकची नाही, तिचा आवाज होत नाही. आधी नळ सुस्कारे टाकतो, हवा येते, मग पहिली धार बादलीच्या बुडावर ताडताड वाजते आणि तीन घरांतले दिवे एकदम लागतात. गेल्या खेपेला पावणेचारला वाजली. मोटर लावून, ड्रम भरायला घालून मी चहा टाकला, तेवढ्यात फोनही वाजला. पाणीपुरवठा लवकरच सुरळीत होणार असल्याची बातमी होती.