झांजेचा घाव

पेडण्याच्या जत्रेत दशावतारासाठी ज्याने रात्र जागवली आहे, त्याला हा अनुभव सांगावयास नको. पहाटेच्या सुमारास राजा आणि राक्षस यांचे युद्ध जुंपते. तलवारी नाटकातल्या, त्यांनी अंगाला स्पर्श करावयाचा नसतोच. पण नेमक्या क्षणी झांज कडाडते, पखवाजावर थाप पडते आणि राक्षसाच्या छातीवर घाव बसलेला प्रेक्षकांना दिसतो. 'ऐकू येतो' असे आम्ही म्हणत नाही. 'दिसतो' हाच शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत.

हा केवळ भाविक प्रेक्षकाचा भाबडेपणा नव्हे. रॉबर्ट सेक्युलर, ॲलिसन सेक्युलर व रेनी लाऊ या संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर दोन सारख्या आकृती समोरासमोरून येतात, क्षणभर एकमेकींवर येतात आणि पुढे सरकतात. आवाज नसेल तर त्या एकमेकींना ओलांडून गेल्याचेच बहुधा दिसते. त्या भेटीच्या क्षणी बारीकसा 'टक्' आवाज केला, की त्याच आकृती आदळून माघारी फिरल्याचे पुष्कळांना दिसू लागते. चित्रात मात्र तिळमात्र बदल झालेला नसतो! पुढे २००० साली लदान शम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की प्रकाश एकदाच चमकला आणि आवाज दोनदा झाला, तर पाहणाऱ्याला अनेकदा दोन चमका दिसतात. 'कोठे' हे डोळा चांगले सांगतो. 'केव्हा' याबाबत कान अधिक काटेकोर. संशय पडला म्हणजे मेंदू कानाची साक्ष मानतो.

पण ही साक्ष वेळेवर व्हावी लागते. नदीपलीकडे शंभर मीटरांवर कोणी कपडे धूत असेल, तर हात खाली आलेला आधी दिसतो आणि धोपटण्याचा आवाज सुमारे तीन दशांश सेकंदाने येतो. दोन्ही मग वेगवेगळे पडतात.

डिचोलीच्या शिगम्यातील घोडेमोडणीचे मर्मही येथेच आहे. कमरेला लाकडी घोडा बांधलेला माणूस स्वतःच्याच पायांनी नाचत असतो. त्या घोड्याला पाय नसतातच. ढोल, ताशे आणि कासाळे त्या पावलांशी मिळाले, की घोडा उधळलेला भासतो. वादकाची नजर नाचणाऱ्याच्या पावलावर असते. पाऊल अडखळले तर ढोलही क्षणभर थांबतो. दशावतारात तर छापील संहिता नसते. नट ऐन वेळी काय करील हे वादकाने पाहूनच ओळखावयाचे असते.

म्हणूनच, शिगम्याच्या मिरवणुकांत ध्वनिमुद्रित संगीतावर नाचणारी पथके आणि ट्रकवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंती पाहिल्या की आम्हाला चिंता वाटते. ध्वनिवर्धकाला आमचा विरोध नाही. मागे बसलेल्या म्हाताऱ्यालाही शब्द ऐकू आले पाहिजेत. परंतु मुद्रित ठेक्याला डोळे नसतात. त्याच्यामागे नटाने धावावयाचे, आणि धावता धावता घाव चुकला तर तलवार ही केवळ पत्र्याची पट्टी होऊन राहते. वादकांचा खर्च परवडत नाही, ही मंडळांची अडचण खरी आहे आणि आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. पण ज्या झांजवाल्यामुळे घाव दिसतो, त्याचे नाव जत्रेच्या फलकावर किती वेळा दिसते? बिदागीची वाटणी होताना त्याचा क्रमांक कितवा असतो?

शिगम्याच्या स्पर्धा भरविणाऱ्यांनी बक्षिसाच्या नियमांत प्रत्यक्ष वादनाची अट घालावी आणि वादकांसाठी वेगळे पारितोषिक ठेवावे. देवस्थान समित्यांनीही दशावतार ठरविताना पखवाज व झांज यांच्या मानधनाचा आकडा स्वतंत्रपणे लिहून घ्यावा. यंदाच्या जत्रांपूर्वी एवढे करणे अवघड नाही.