कबुतराच्या छातीतली दोरी

आज मी तुम्हाला आमच्या वर्गात आलेल्या एका पाहुण्याची गोष्ट सांगणार आहे.

मागच्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी बुटांचं खोकं घेऊन धावत आली. "बाई, हे उडतच नाही हो!" आत एक कबूतर होतं. त्याचा एक पंख लोंबत होता आणि खांद्यापाशी मांजाचा तुकडा रुतलेला होता. कुणी तांदूळ आणले, कुणी पाणी. मलाही वाटलं, बिचारं तहानलेलं असेल. मी ड्रॉपरने त्याच्या चोचीत पाणी सोडलं मात्र, ते एकदम ठसकलं. मी घाबरून थांबले.

आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "पाणी पाजलं नाहीत ना?" माझी मान खाली गेली. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. जबरदस्तीने घातलेलं पाणी तिथून आत शिरलं, तर पक्षी दगावतो. शिकवणाऱ्या बाईही अशा चुकतात, बरं का!

जखम तपासून डॉक्टर म्हणाले, "याची दोरी तुटलीय." कसली दोरी?

जरा उभे राहा आणि हात पंखासारखे वर-खाली करा. हात वर उचलताना तुमच्या खांद्यावरचा स्नायू घट्ट होतो, हो ना? कबुतराचं तसं नसतं. पंख खाली मारणारा मोठा स्नायू छातीत असतो आणि पंख वर उचलणारा स्नायूही छातीतच, त्याच्या आत दडलेला असतो. या स्नायूंना धरायला छातीच्या हाडाला होडीच्या तळासारखी उभी कड असते. असं का? जड स्नायू पाठीवर असते, तर वजन वर जाऊन उडताना तोल सांभाळणं अवघड झालं असतं. वजन खाली राहिलेलं बरं.

पण छातीतला स्नायू पंख वर कसा उचलणार? विहिरीवरचा रहाट आठवा. दोर आपण खाली ओढतो आणि बादली वर येते. तसाच या स्नायूचा दोरीसारखा चिवट कंडरा खांद्याच्या हाडांमधल्या भोकातून वर जातो आणि पंखाच्या हाडाला वरून जोडलेला असतो. स्नायू खाली ओढतो, पंख वर जातो!

बाकीचं शरीरही उडण्यासाठीच घडलेलं. पुष्कळ हाडं पोकळ, पण आतून बारीक काड्यांचे टेकू दिलेले, म्हणून हलकी तरी मजबूत. दात नाहीत; दाणे दळण्याचं काम पोटातली पेषणी करते. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे उडताना दम पुरतो.

एवढी सगळी तयारी, पण एका मांजाने खांद्यातली दोरी कापली. जखम भरली, कबूतर दाणे टिपू लागलं, चालू लागलं. जमिनीवरून उडायचा प्रयत्नही करायचं. पण पंख पुरेसा वर जाईना. ते पुन्हा कधी उडालं नाही. डॉक्टरांनीच त्याला सांभाळलं. खोकं आणणारी मुलगी मला म्हणाली, "बाई, तो मांजा आमच्याच गच्चीवरचा असेल का हो?" मला उत्तर देता आलं नाही.

नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली. तरीही तो चोरून विकला जातो. आपण घ्यायचा नाही. साध्या सुती दोऱ्यानेही पतंग छान उडतो. आणि झाडावर, तारांवर अडकलेला मांजा दिसला, तर मोठ्यांना सांगा; तारांना स्वतः हात लावू नका.

जखमी पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून त्याला अलगद ठेवा. खोकं झाकून शांत जागी ठेवा. चोचीत काही घालू नका. मोठ्यांना सोबत घेऊन लवकर दवाखाना गाठा आणि हात साबणाने धुवा.

आता तुमच्यासाठी काम. कोंबडी पाणी कशी पिते आणि कबूतर कसं पितं, हे लांबून नीट पाहा. दोघांत एक मोठा फरक आहे. काय दिसलं ते वहीत लिहून ठेवा. उत्तर पुढच्या अंकात!

तुमच्या बाई